अमेरिकेतल्या शाळांत इंग्रजी नीट न येणाऱ्या मुलांची संख्या वाढतेय की घटतेय?

वाढतेय, पण सगळीकडे सारखी नाही. सरकारी शाळांत 2011 मध्ये अशी साधारण 46 लाख मुलं होती, 2021 मध्ये 53 लाखांच्या आसपास. म्हणजे दर दहा मुलांमागे एकाहून थोडी जास्त. टेक्सासमध्ये हे प्रमाण तेव्हा पाचात एक होतं. कॅलिफोर्नियात मात्र दशकभरात ते उतरलं. तीन-चतुर्थांश मुलांच्या घरी स्पॅनिश. दुसरा नंबर अरबीचा, तोही फार लांबून.

'ही सगळी नुकतीच आलेली मुलं' हा समज चुकीचा. बहुतेकांचा जन्म अमेरिकेतलाच. बालवाडीत टक्का जास्त दिसतो आणि बारावीपर्यंत घसरतो, कारण इंग्रजी जमलं की मूल शाळेच्या 'इंग्रजी शिकणाऱ्या मुलां'च्या यादीतून बाहेर पडतं. त्यामुळे आकडा घटला म्हणजे मुलं कमी झाली असं समजू नका.

मूल यादीत येतं कसं? प्रवेशाच्या वेळी घरच्या भाषेचा फॉर्म भरावा लागतो. न्यू जर्सीतल्या आपल्या मंडळींनी त्यात 'मराठी' लिहिलं की शाळा पुढची चौकशी करते आणि गरज वाटली तर इंग्रजीची चाचणी घेते. काही पालक धास्तीने 'इंग्रजी' लिहून मोकळे होतात. माझ्या मते हा शुद्ध वेडेपणा! चाचणीत पोरगं पास झालं तर प्रश्नच मिटला. नाही झालं तर जादा मदत फुकट मिळते. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाच्या 1974 च्या लाऊ विरुद्ध निकोल्स निकालापासून अशी मदत देणं शाळांना बंधनकारक आहे.