मुलांना उन्हाळी सुट्टीत रोबोटिक्स-कोडिंगच्या शिबिरात घालण्याआधी पालकांनी काय पाहावं?

तुमची मुलगी यंदा सहावीत जाईल, सोसायटीच्या ग्रुपवर दहा दिवसांच्या ‘रोबोटिक्स आणि एआय’ शिबिराची जाहिरात आली आहे, फी बरीच आहे आणि घालावं की नाही ते ठरत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी पुण्यात डिप्लोमाच्या मुलांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि मे महिन्यात शाळकरी मुलांची अशी शिबिरं घेतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

फीच्या आधी किटचं, म्हणजे जोडणीच्या सामानाच्या संचाचं विचारा. एका किटवर किती मुलं? दोन असतील तर उत्तम, तीन चालतील. पाच-सहा जणांत एकच मूल जोडणी करतं आणि बाकीची मान वर करून बघत बसतात.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे, मुलांना चुकायला वेळ ठेवलाय का? काळ्या पट्टीवरून चालणारी गाडी जवळपास प्रत्येक शिबिरात असते. तिच्या पोटाखालचा सेन्सर इन्फ्रारेड किरण सोडतो; पांढऱ्या कागदावरून ते परत येतात, काळ्या पट्टीत बरेचसे शोषले जातात, आणि त्यावरून गाडीला पट्टी कळते. आता हीच गाडी खिडकीपाशी नेली की भरकटते, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतं. मग मुलाने पडदा ओढून बघायचा, सेन्सरवरचा बारीकसा स्क्रू किंचित फिरवायचा, पुन्हा गाडी सोडायची. माझ्या मते शिबिराचे पैसे या अर्ध्या तासाचे असतात! पण शेवटच्या दिवशी पालकांसमोर गाडी चाललीच पाहिजे, या घाईत बऱ्याच ठिकाणी सरच स्क्रू फिरवून देतात. म्हणून तो समारोप पाहून भारावू नका. मधल्या एखाद्या दिवशी पंधरा मिनिटं मागे बसू देतील का, ते विचारा. नाही म्हणाले तर मी तरी तिथे पैसे भरणार नाही.

किट घरी मिळणार असेल तर त्यात काय काय आहे, याची यादी मागा आणि बुधवार पेठेत तापकीर गल्लीत भाव काढून या. आर्डुइनो उनोसारखा बोर्ड (गाडीचा प्रोग्राम चालवणारं छोटं सर्किट), दोन मोटर, चाकं, सेन्सर हे सगळं सुटं घेतलं तर किती स्वस्त पडतं, ते कळेल. शिकवण्याचे पैसे घ्यावेतच, पण ते किटच्या नावाखाली नकोत. आणखी एक, घरी आल्यावर गाडी रुसली तर आधी बॅटरी बघा. नऊ व्होल्टचा चौकोनी सेल मोटरला पुरेसा करंट देऊ शकत नाही. पेन्सिल सेलचा पॅक लावला की बहुतेक वेळा ती चालते.

‘एआय’ या शब्दावर थोडं थांबा. चॅटजीपीटीच्या अटींनुसार ते वापरायला किमान 13 वर्षं वय लागतं, आणि 18 पर्यंत पालकांची संमती. मग अकरा वर्षांच्या मुलांना शिबिरात कोणाच्या अकाउंटवरून बसवणार, हे स्पष्ट विचारा. या वयाला स्क्रॅच पुरे, म्हणजे स्क्रीनवर रंगीत ठोकळे जोडून कोडिंग शिकायचं सॉफ्टवेअर. अमेरिकेतल्या एमआयटीने 2007 मध्ये ते खुलं केलं, मुख्यतः 8 ते 16 वयोगटासाठी, आणि ते फुकट आहे. आधी आठवडाभर घरीच करून बघू द्या. तिला गोडी वाटली तर शिबिराचा विचार करा.

‘दहा दिवसांत ॲप डेव्हलपर’ असं लिहिलेलं दिसलं की दुसरीकडे बघा. 2020 मध्ये अशाच दाव्यांवरून व्हाइटहॅट ज्युनियर या मुलांना ऑनलाइन कोडिंग शिकवणाऱ्या कंपनीला जाहिराती मागे घ्याव्या लागल्या होत्या.

शाळेत अटल टिंकरिंग लॅब (मुलांनी स्वतः वस्तू जोडून-बनवून बघायची प्रयोगशाळा) असेल तर मुख्याध्यापकांना जरूर भेटा. नीती आयोगाच्या या योजनेत शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं आणि लॅब सहावी ते बारावीच्या मुलांसाठीच असते. चार पालकांनी मिळून विनंती केली तर सुट्टीतही ती उघडू शकते.

मुलगी आहे म्हणून शेवटी हे मुद्दाम सांगतो. मिश्र गटात स्क्रूड्रायव्हर मुलगे घेतात आणि वहीत लिहायचं काम मुलींकडे येतं, हे मी दरवर्षी बघतो. माझ्या वर्गात मी दर वीस मिनिटांनी कामं बदलायला लावतो. तुमच्या शिबिरात तसं करतात का, ते पहिल्याच दिवशी सरांना विचारा, आणि घरी आल्यावर तिलाही विचारा, आज जोडणी कोणी केली?