गाडी गॅरेजात अडकली, एसी होता तसाच

प्रश्न : मी निपाणीचा निवृत्त शिक्षक. माझ्या सहा वर्षांच्या गाडीला तापमान आपोआप राखणारा एसी आहे. २२ वर ठेवला तरी मध्येच गरम हवा येते आणि डॅशबोर्डमागे टिकटिक वाजते. कोल्हापूरच्या एका गॅरेजने दोनदा गॅस भरला (ते ५,६०० रुपये मी दिले), मग फोनवर विचारून कॉम्प्रेसर बदलला. त्याचे ४१,३०० बाकी आहेत. दोष गेला नाही. आता म्हणतात कूलिंग कॉइल गेली, डॅशबोर्ड खोलायला हवा, आणखी २७,००० लागतील. बाकी दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. ‘केस करायची तर कोल्हापूरला या’ असंही ऐकवलं. पुतण्या म्हणतो, पोलिसांत जाऊ.

उत्तर : गुरुजी, बाकीचं नंतर वाचा, आधी एक काम करा. ‘माझ्या लेखी परवानगीशिवाय डॅशबोर्ड खोलू नये आणि काढलेला जुना कॉम्प्रेसर जपून ठेवावा’ एवढा मजकूर गॅरेजला आत्ताच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, उद्या स्पीड पोस्टानेही धाडा. डॅशबोर्ड एकदा उतरला की आधी नेमकं काय बिघडलं होतं हे सिद्ध करणं फार अवघड होतं. तुमचा सगळा पुरावा त्याच्यामागे आहे.

आता गाडी अडवण्याबद्दल. हे ऐकायला कडू लागेल, पण भारतीय करार कायद्याच्या कलम १७० प्रमाणे, आपल्याकडे दिलेल्या वस्तूवर ज्याने कसबाचं काम केलं, त्याला मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. कायद्यातलं उदाहरण पैलू पाडायला दिलेल्या हिऱ्याचं आहे; तुमची गाडी त्याच माळेतली. मात्र हा हक्क झालेल्या कामापुरताच. न केलेल्या २७,००० च्या कामासाठी गाडी अडवता येणार नाही. कॉम्प्रेसरचं काम मुळात गरजेचं होतं का, हा वाद जरूर आहे, पण त्यासाठी गाडी महिनोन्महिने तिथे धूळ खात ठेवू नका. ‘हरकत राखून, गाडी सोडवून घेण्यापुरते’ असं लिहून ४१,३०० बँकेतून भरा, पावती घ्या, जुना कॉम्प्रेसर मागून घ्या आणि गाडी घरी आणा. पैसे भरले म्हणजे बिल कबूल केलं, असं मग त्यांना म्हणता येणार नाही.

पोलिसांचा विचार सोडा. फसवणुकीच्या गुन्ह्याला सुरुवातीपासूनची लबाडी दाखवावी लागते. इथे ठाण्यात ‘हा दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतील, आणि पुतण्याचा दिवस वाया जाईल.

तुमची खरी केस कशात आहे ते नीट समजून घ्या. मेकॅनिकचा अंदाज चुकला, एवढ्याने ग्राहक कायद्यातली ‘सेवेतील त्रुटी’ ठरत नाही. अंदाज डॉक्टरचाही चुकतो. तपासणी न करताच महागडा भाग बदलला असेल, तर ती त्रुटी. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता पुन्हा भरणं म्हणजे भोक पडलेल्या घागरीत पाणी ओतणं. बॉनेटखालच्या स्टिकरवर गॅसचा प्रकार आणि किती ग्रॅम भरायचा ते छापलेलं असतं. गॅस काढणाऱ्या मशीनवर किती निघाला तेही दिसतं. तुमच्या तिन्ही बिलांत ग्रॅमचा आकडा आहे का, प्रेशरची नोंद आहे का, स्कॅनर (गाडीतले दोष वाचणारं यंत्र) लावल्याचा कागद आहे का, ते पाहा. नसेल तर लेखी मागा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या व्याख्येप्रमाणे महत्त्वाची माहिती मुद्दाम दडवणं हीसुद्धा त्रुटीच आहे.

ती टिकटिक मला जास्त बोलकी वाटते. डॅशबोर्डमागे थंड आणि गरम हवा मिसळणारी एक झडप असते. ती फिरवणाऱ्या छोट्या मोटरीला गॅरेजवाले ॲक्च्युएटर म्हणतात. तिचे प्लास्टिकचे दाते झिजले की असाच आवाज येतो आणि २२ वर ठेवूनही हीटरची हवा आत येते. अशा वेळी बॉनेटमधली एसीची जाड नळी गार, घामेजलेली असते, म्हणजे कॉम्प्रेसर आपलं काम करत असतो. मी मेकॅनिक नाही, दोष सेन्सरमध्येही असू शकतो. म्हणून गाडी आणल्यावर दुसऱ्या जाणत्या एसी मेकॅनिककडून प्रेशर, गळती आणि स्कॅनर अशी तपासणी करून सहीचा अहवाल घ्या. वाहन विम्याचा परवानाधारक सर्वेअर सोबत मिळाला तर उत्तम. पुढे ग्राहक आयोगासमोर तपासणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र लागेल, तेव्हा ते द्यायला तयार असेल असाच माणूस निवडा.

‘कोल्हापूरला या’ ही धमकी शिळी झाली. १९८६ च्या कायद्यात समोरचा जिथे असेल किंवा प्रकार जिथे घडला असेल तिथेच जावं लागे. सीमेवर राहून कोल्हापूर-सांगलीत व्यवहार करणारी आपली माणसं त्यापायी गप्प बसत. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. तुमच्यासाठी तो बेळगावचा. आता हेलपाटे त्यांना. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही (हे वकील असून मीच सांगतोय, काय करणार), आणि मुदत दोन वर्षांची आहे.

त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. गॅरेज कोल्हापूरचं, त्यामुळे नोटीस मराठीत चालेल. बेळगावात दाखल करताना मात्र मराठी बिलांना आणि संदेशांना इंग्रजी भाषांतर जोडा; नाहीतर पहिली तारीख त्यातच जाते. कॉम्प्रेसरला फोनवर तुम्ही ‘बरं’ म्हणालात हे लपवू नका. ते कोणत्या माहितीवर म्हणालात, तेच विचारायचं आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं एस्टिमेट पुसू नका, फोनही बदलू नका. त्याची छापील प्रत देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं, प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आणि दुसऱ्या मेकॅनिकने खरोखर ती मोटर बदलली, तर जुनी त्याच्याकडे सोडून येऊ नका. पिशवीत घाला, वर तारीख लिहा आणि त्याची सही घ्या.