एच-१बी व्हिसा असूनही अमेरिकेच्या विमानतळावरून परत पाठवले, तर पाच वर्षांची बंदी लागते का?

तुमच्या यजमानांच्या पासपोर्टात मुदतीतला एच-१बी, म्हणजे अमेरिकेतील नोकरीसाठीचा व्हिसा असताना त्यांना अमेरिकेतील विमानतळावरून परत पाठवले, व्हिसावर ‘रद्द’ असा शिक्का मारला, आणि आता पाच वर्षे तिकडे पाऊल ठेवता येणार नाही असे नातेवाईक सांगत आहेत. हे खरे आहे का आणि पुढच्या अर्जात ही गोष्ट सांगावी का, असे तुम्ही विचारले आहे. बंदी असेलच असे नाही. २०१६ साली माझ्यावर हीच वेळ आली होती आणि पुढच्याच वर्षी मी त्याच कंपनीच्या कामासाठी पुन्हा अमेरिकेत गेलो.

व्हिसा रद्द झाला एवढ्यावरून काहीच ठरत नाही. त्यांना दिलेल्या कागदावर छापलेला फॉर्म क्रमांक आधी पाहा. तो आय-२७५ असेल, तर त्यांनी प्रवेशाचा अर्ज स्वतःहून मागे घेतला अशी नोंद झालेली असते आणि तेवढ्याने पाच वर्षांची बंदी लागत नाही. तो आय-८६० असेल, तर मात्र तो तडकाफडकी हकालपट्टीचा आदेश आहे; अशा पहिल्या आदेशाने पाच वर्षांची बंदी लागते, आणि त्या मुदतीत जायचेच असेल तर आय-२१२ या अर्जाने परवानगी मागावी लागते. त्याच आदेशात २१२(ए)(६)(सी) हे कलम लावलेले दिसले, तर खोटी माहिती दिल्याचा ठपका आहे असे समजावे. तो ठपका पाच वर्षांनी पुसला जात नाही, त्यामुळे अशा वेळी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय कोणताही नवा अर्ज भरू नका.

माझे असे झाले. बहिणीच्या लग्नासाठी मी तीन आठवडे साताऱ्याला आलो होतो, आणि त्याच काळात क्लायंटने आमचा प्रोजेक्ट बंद केला. हे मला कोणी कळवले नाही. पुढे कंपनीच्या एचआरने ‘तुम्हीच निघण्यापूर्वी फोन करायला हवा होता’ असे ऐकवले, तो भाग वेगळा. विमानतळावर मला सेकंडरीत, म्हणजे जास्तीच्या चौकशीच्या खोलीत नेण्यात आले. माझ्या फाइलमध्ये आय-७९७, म्हणजे कंपनीने माझ्या एच-१बीसाठी केलेली याचिका मंजूर झाल्याचे सरकारी पत्र होते, पगाराच्या पावत्या होत्या आणि क्लायंटचे पत्रही होते, पण ते पत्र चार महिन्यांपूर्वीचे. अधिकाऱ्याने पत्रावरच्या क्रमांकावर माझ्यासमोर फोन लावला आणि पलीकडून ‘तो आता आमच्याकडे नाही’ एवढेच उत्तर आले.

त्यानंतर प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात माझा जबाब टाइप झाला आणि प्रत्येक पानावर आद्याक्षरे मागण्यात आली. वाचताना एका ओळीवर मी थबकलो: ‘काम संपले आहे हे मला माहीत होते.’ मी म्हणालो होतो की ते मला आत्ता, तुमच्या फोनवरून कळले. मी दुरुस्ती सुचवली. अधिकाऱ्याने सुस्कारा सोडला, पण ओळ बदलून ते पान पुन्हा छापले. ती ओळ तशीच राहिली असती, तर माझ्यावर लबाडीचा ठपका ठेवायला तेवढे पुरले असते, असे मला आजही वाटते. मग अर्ज मागे घेऊ देण्याची मी विनंती केली. तो आपला हक्क नसतो, अधिकाऱ्याची मर्जी असते, आणि वकिलाला शेजारी बसवण्याची सोयही त्या खोलीत नसते. माझी विनंती मान्य झाली. पासपोर्ट एका पाकिटात घालून विमानातील कर्मचाऱ्यांच्या हवाली करण्यात आला आणि तो थेट मुंबईत उतरल्यावर माझ्या हाती पडला.

आता पुढच्या अर्जाबद्दल. व्हिसा नाकारला गेला होता का, प्रवेश नाकारला गेला होता का, किंवा प्रवेशाचा अर्ज मागे घेतला होता का, हे तिन्ही डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात एकाच प्रश्नात विचारलेले असते. ‘व्हिसा कुठे नाकारला होता, तेव्हा नाही लिहा’ असा सल्ला मलाही मिळाला होता. तो ऐकू नका. उत्तर ‘होय’ असेच द्या आणि कारण दोन-तीन ओळींत लिहा. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत मी खिडकीशी पोहोचलो, तेव्हा ती नोंद अधिकाऱ्यासमोर आधीच उघडी होती. माझा व्हिसा मंजूर होण्याचे कारण असे, की तोवर नव्या क्लायंटचे काम नक्की झाले होते आणि कामाचे ठिकाण दुसऱ्या महानगर क्षेत्रात गेल्यामुळे कंपनीने सुधारित याचिका मंजूर करून घेतली होती. यजमानांच्या कंपनीकडून असे काही लेखी येत नसेल, तर नुसती नवी अपॉइंटमेंट घेऊन उपयोग नाही.

त्यांनी सही केलेल्या जबाबाची प्रत घरी नसेल, तर अमेरिकेच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली ती सीबीपीकडे, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमासुरक्षा खात्याकडे मागता येते. तो आपल्याकडच्या माहिती अधिकारासारखाच प्रकार आहे. तूर्त व्हिसाचे पान नीट पाहा. माझ्या शिक्क्याशेजारी पेनाने ‘अर्ज मागे घेतला’ या अर्थाचे दोन इंग्रजी शब्द लिहिलेले होते, आणि घाबरलेल्या मनःस्थितीत ते मला आठवडाभर दिसलेच नव्हते.