द्राक्षाच्या खोडावर पिठ्या ढेकणासारख्या पण मोठ्या, पळणाऱ्या पांढऱ्या अळ्या दिसतात. फवारू का?

तुम्ही लिहिलंय की शेजारी त्यांना लेडीबर्डची पिल्लं म्हणतो, पण लेडीबर्ड तर लाल आणि काळ्या ठिपक्यांचा असतो, मग हे कसं?

फवारू नका. शेजारी बरोबर बोलतोय.

मी स्वतः हे शहाणपण पैसे घालवून शिकलोय. बाग धरली त्या पहिल्या वर्षी ओलांड्यावर, म्हणजे वेलाच्या आडव्या फांदीवर, असेच पांढरे, झिपरे किडे दिसले. मला वाटलं, पिठ्या ढेकूणच, म्हणजे वेलाचा रस शोषणारी ती पांढरी पिठूळ कीड, खाऊनपिऊन माजलाय. औषधाच्या दुकानात फोटो दाखवला, तर ‘नवीन जात आलीय’ म्हणून जास्त डोस सांगितला. मी तो इमानेइतबारे मारला. झिपरे किडे दोन दिवसांत गेले. सालीखालचा ढेकूण मात्र राहिला, कारण औषध तिथवर पोचतच नाही, आणि त्याची अंडी तर कापसासारख्या पुंजक्यात सुरक्षित असतात. मण्यांत पाणी भरलं तेव्हा घडांवर ढेकणाने सोडलेला चिकटा आणि त्यावर काळी बुरशी. तो माल शेवटी मिळेल त्या भावाला गेला.

त्या अळ्या क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी नावाच्या ढालकिड्याच्या, म्हणजे लेडीबर्डच्याच एका जातीच्या. मोठा झाल्यावर हा भुंगेरा जेमतेम चार मिलिमीटरचा, काळपट तपकिरी, डोकं आणि पाठीचं टोक नारिंगी. ठिपका एकही नाही. त्यामुळे बागेत असूनही तो कुणाला दिसत नाही, आणि दिसला तरी लेडीबर्ड वाटत नाही. नावातली ‘लेडी’ म्हणजे येशूची आई मेरी. युरोपात लाल, सात ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला तिचं पाखरू मानलं गेलं: लाल रंग तिच्या झग्याचा, ठिपके तिच्या सात दुःखांचे. आपल्या या गड्याला ना झगा, ना ठिपके. करडई-ज्वारीवर मावा पडला की दिसणारे रंगीत ढालकिडे याचेच भाऊबंद, पण याला मुख्यतः पिठ्या ढेकूणच लागतो.

अळीचं सोंग मात्र बघण्यासारखं आहे. ती तेरा मिलिमीटरपर्यंत वाढते, म्हणजे पुढे होणाऱ्या भुंगेऱ्याच्या तिप्पट. अंगभर मेणाच्या पांढऱ्या झिपऱ्या, कापसाच्या वाती उलगडून चिकटवल्यासारख्या. ढेकूणही मेणानेच पांढरा दिसतो, म्हणून आपण फसतो. मुंग्यांच्या बाबतीतही हे मेण तिच्या कामी येतं. ढेकणाचा गोड चिकटा मिळतो म्हणून मुंग्या त्याची राखण करतात, त्याला खायला येईल त्या किड्याला चावून हाकलतात. ही झिपरी त्यांच्यातूनही बऱ्यापैकी निभावून जाते.

ओळखायचं कसं? काडीने डिवचा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, हलला तरी रेंगाळतो. चिरडला तर आपल्याकडचा गुलाबी ढेकूण लालसर रस सोडतो. अळी चटकन पळ काढते. तिला उलटी केलीत तर पायांच्या तीन जोड्या ठसठशीत दिसतील. खिशात भिंग असेल तर पाच मिनिटं खोडापाशी बसाच. ती ढेकणाच्या कापसात डोकं खुपसते आणि आतली अंडी खात बसते. बाहेर नुसत्या झिपऱ्या हलताना दिसतात. एक अळी वाढीच्या काळात ढेकणाची अडीचशेपर्यंत पिल्लं संपवते.

मादीही अंडी घालते ती ढेकणाच्या त्याच कापसात. कापूस नसेल तर ती अंडी घालायला फारशी राजी नसते. म्हणून स्वच्छ बागेत ‘आधीच सोडून ठेवू’ म्हणून भुंगेरे आणणं म्हणजे पैसे उडवणं. ते उडून जातात. अंड्यापासून भुंगेरा व्हायला साधारण महिना लागतो, तेव्हा आज सोडले आणि आठवड्यात ढेकूण गेला, असं होत नाही.

मुळात हा ऑस्ट्रेलियाचा. १८९१ च्या सुमारास आल्बर्ट कोबेले या कीटकतज्ज्ञाने तो संत्रा-लिंबाच्या बागांसाठी कॅलिफोर्नियात नेला. भारतात १८९८ मध्ये आणला तो दक्षिणेत, कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. ते काम त्याला जमलं नाही, पण पिठ्या ढेकणावर तो इथेच रुळला. पुढे १९९० च्या दशकात आपलाच गुलाबी ढेकूण कॅरिबियन बेटांवर पोचला, तेव्हा त्रिनिदादने हा भुंगेरा भारतातून मागवला. आपल्या प्रयोगशाळांत त्याला वाढवतात ते लाल भोपळ्यावर: आधी भोपळ्यावर ढेकूण पोसायचा, मग त्यावर हा सोडायचा. भोपळ्याचं इतकं कौतुक भाजीतसुद्धा होत नाही.

उणी बाजूही सांगतो. थंडी त्याला सोसत नाही. कॅलिफोर्नियाच्या थंड भागातही तो हिवाळ्यात टिकत नाही, पुन्हा पुन्हा सोडावा लागतो. निफाडकडे पारा पाच-सहा अंशांवर येतो तेव्हा तो गारठून बसतो, आणि नेमका त्यानंतरच मण्यांत गोडी भरताना ढेकूण घडाकडे सरकतो. त्यामुळे सगळा भार त्याच्यावर टाकू नका.

सध्या एवढं करा. अळ्या आहेत त्या ओळींत कीटकनाशक नको. मुंग्यांची वारुळं शोधून त्यांचा बंदोबस्त करा, राखणदार हटले की याचं काम निम्मं सोपं होतं. खरड छाटणीच्या (उन्हाळ्यातल्या छाटणीच्या) वेळी साल काढाल तेव्हा मजुरांना आधी सांगून ठेवा: याचे कोषही त्याच पांढऱ्या झिपऱ्यांत गुंडाळलेले, सालीच्या आडोशाला असतात. असे तुकडे ढेकणाच्या सालींबरोबर जाळू नका, बाजूला काढून खोडाशी ठेवा.

आणि भुंगेरा हाती लागलाच तर पुढचे पाय बघा. तपकिरी असतील तर नर, काळे असतील तर मादी. मादी असेल तर तिला सर्वांत जास्त ढेकूण असलेल्या वेलावर नेऊन सोडा.