ज्वारीच्या डब्यामागचं पुस्तक

पत्र:

ताई, सप्रेम नमस्कार.

मी ७१ वर्षांचा, सरकारी नोकरीतून निवृत्त. जुळे सोलापुरात मुलाकडे राहतो. आयुष्यभर पुस्तकं जमवली. दोन कपाटं भरलीत, कुलपात नीट ठेवलीत. पण घरात कुणी वाचत नाही याचं फार वाईट वाटतं. नातू ११ वर्षांचा. त्याला ‘श्यामची आई’ दिलं, उघडलंसुद्धा नाही. दिवसभर गच्चीवर पक्ष्यांच्या मागे, नाहीतर मोबाईलवर. नात दहावीत. तिला शास्त्रज्ञांची चरित्रं आणून दिली, तर अभ्यास आहे म्हणते. मुलगा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे, रात्री येतो आणि फोन बघत झोपतो. सौ.चं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ती पोथीपलीकडे जात नाही. प्रत्येकाच्या वयाला आणि आवडीला साजेशी पुस्तकं सुचवावीत. मी महिन्याला हजार रुपये पुस्तकांसाठी बाजूला ठेवतो, पैशांची अडचण नाही.

मध्यंतरी कपाट उघडं राहिलं तेव्हा सूनबाईनं ‘स्मृतिचित्रे’ न विचारता नेलं. स्वयंपाकघरात ज्वारीच्या डब्यामागं ठेवलेलं असतं. पानाला हळदीचा डाग पडलाय. आत खूण म्हणून लाईट बिल घातलंय, ते आधी सुरुवातीला होतं, आता बरंच पुढं गेलंय. ते असो. यादी मात्र सविस्तर द्यावी.

– आप्पा, जुळे सोलापूर

उत्तर:

आप्पा, ‘ते असो’ म्हणून पुढं जाऊ नका. तिथंच थांबा.

न वाचणाऱ्या चौघांची तुम्ही सगळी माहिती दिलीत. नातवाचं वय, नातीची इयत्ता, मुलाचा कारखाना, वहिनींचा डोळा. वाचणारं एक माणूस त्याच घरात आहे, आणि त्याच्या वाट्याला शेवटी चार ओळी आल्या, त्याही तक्रारीच्या. तिचं वय नाही, शिक्षण नाही, ती दिवसभर काय करते ते नाही. ‘घरात कुणी वाचत नाही’ असं लिहिलंत आणि थोडं खाली स्वतःच लिहिलंत की लाईट बिल पुढं सरकलंय. मग ते कोण सरकवतंय? वारा?

हळदीच्या डागाचं तुम्हाला वाईट वाटलं. मला तो डाग फार आवडला. पुस्तक कुणी चैनीत, खुर्चीत पाय पसरून वाचत असेल तर त्याला हळद लागत नाही. कुकरची तिसरी शिट्टी व्हायची आहे, कणीक मळून झाली आहे, मुलीचा क्लास सुटायला वेळ आहे, तेवढ्यात डबा सरकवून दोन पानं. मग बेल वाजली की हात तसाच, पान घाईनं मिटलेलं. अशी वाचणारी बाई तुमच्या घरात आहे. आणि तुम्ही मला विचारताय की सोलापुरात बसून वाचक कसा तयार करू.

आता डब्यामागं का? उघड्यावर, फ्रिजवर, टीपॉयवर का नाही? तुम्ही बघितलंत तर परत मागाल म्हणून. ‘न विचारता नेलं’ हे तुम्ही लिहिलंत, पण विचारलं असतं तर काय झालं असतं ते लिहिलं नाहीत. मी सांगते. ‘तुला झेपेल का ते? जुनी भाषा आहे. बघ, पण नीट ठेव, कोपरे दुमडू नको, आणि झालं की लगेच दे.’ हे ऐकण्यापेक्षा तिनं कपाट उघडं राहायची वाट बघितली. शहाणी आहे.

आणखी एक गोष्ट तुमच्या पत्रातूनच दिसते. खूण आधी कुठं होती आणि आता कुठं आहे हे तुम्हाला माहीत आहे. म्हणजे तुम्ही स्वयंपाकघरात जाता, डबा सरकवता, पुस्तक उघडून बघता आणि होतं तसं परत ठेवता. चोर पकडायचा असता तर पहिल्याच दिवशी पुस्तक उचलून कपाटात टाकलं असतंत. ते तुम्ही केलं नाहीत. ती कुठवर आली ते तुम्हाला बघायचं असतं, आप्पा. एवढ्या वर्षांत घरात पहिल्यांदा कुणीतरी तुमचं पुस्तक वाचतंय, आणि त्याचा आनंद कुणाला दाखवायचा हे तुम्हाला कळत नाहीये. म्हणून ‘ते असो’. यासाठी तुमच्यावर रागावणं मला जड जातंय. तरी रागावते, कारण ‘सूनबाईनं न विचारता नेलं’ हे वाक्य तुम्ही लिहून, घडी घालून, पाकिटात घालून मला पाठवलंत.

आणि पुस्तक कोणतं उचललं बघा! दोन कपाटं समोर उघडी, हाताशी वेळ थोडा, आणि तिनं लक्ष्मीबाई टिळक काढल्या. १८६८ साली जन्मलेली, कधी शाळेत न गेलेली ही बाई. सोवळ्याच्या वेडापायी घरात येईल ते धुवायला लावणारे वडील, मनात आलं की घर सोडून निघून जाणारा कवी नवरा. १८९५ साली तो ख्रिस्ती झाला तेव्हा ती एकटी पडली, पुढं पाच वर्षांनी तिनं स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. हे सगळं तिनं म्हातारपणी सांगितलं, आणि कसं सांगितलं! कुढणं नाही, कैवार मागणं नाही. घरातल्या मोठ्या पुरुषांचा तापटपणा आणि वेडेपणा ती असा हसत हसत मांडते की त्या माणसांवर माया तर बसतेच, पण त्यांचा धाक साफ उतरतो. १९३४ पासून हे पुस्तक मराठी घरांत आहे. तुमच्या स्वयंपाकघरात सध्या ते वाचलं जातंय. तुम्ही थोडे सावध राहिलात तर बरं.

तुम्ही कपाटाला कुलूप का लावता ते मला समजतं. पुस्तकं पैसे वाचवून घेतलेली असतात, नेणारे परत देत नाहीत, वाळवी लागते. पण ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडणाऱ्या डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली पहिलाच नियम लिहिला तो हा, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात. पुढचे दोन असे, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. तुम्ही दुसऱ्या नियमासाठी मला पत्र लिहिलंत आणि पहिल्याला कुलूप घातलंत.

तर काम एकच. कपाटाची किल्ली सूनबाईच्या हातात द्या. ‘लागलं तर माग’ असं म्हणून नव्हे, कायमची. आज संध्याकाळी द्या. भाषण करू नका, वाचनाचं महत्त्व सांगू नका, ‘मला माहीत होतं हं’ असं म्हणून तिला ओशाळं करू नका. ‘ही तुझ्याकडे राहू दे, माझ्याकडून हरवते’ एवढं पुरे. खोटं असलं तरी चालेल.

आणि घरात कुणाला काय द्यायचं ते तिला ठरवू दे. तुम्हाला नातू न वाचणारा म्हणून माहीत आहे. तिला तो रात्री कशाला घाबरतो, कोणत्या मित्राशी भांडलाय, कोणत्या गोष्टीवर तासभर बोलतो हे माहीत आहे. पुस्तक सुचवायला वय विचारून काय कळतं? तुम्ही यादीत वयं दिलीत आणि आवडीच्या जागी तक्रारी लिहिल्यात. ‘दिवसभर गच्चीवर पक्ष्यांच्या मागे’ ही तुमची तक्रार! अहो, हा मुलगा सोलापुरात राहतो. मारुती चितमपल्ली १९३२ साली सोलापुरातच जन्मले, वनखात्यात आयुष्य काढलं, पक्ष्यांवर आणि रानावर मराठीत लिहिलं, २००६ साली आपल्याच गावात भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. पद्मश्री मिळाल्यावर २०२५ सालीच इथं वारले. त्यांचं ‘रानवाटा’ किंवा ‘पक्षी जाय दिगंतरा’ तुमच्या कपाटात नसेल तर आश्चर्य आहे. ते त्याच्या हातात देऊ नका, अकराव्या वर्षी जड जाईल. गच्चीवर न्या, दोन पानं तुम्ही मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात बंद करा. एखाद्या रविवारी नान्नजच्या माळरानावर घेऊन जा. माळढोक दिसला नाही तरी धाविक दिसेल, चंडोल दिसेल, आणि परत येताना तो तुम्हाला प्रश्न विचारेल.

त्यानं स्वतः वाचायचं म्हणाल तर भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा बनेश, सायकल, ‘ट्टॉक’, आणि पान संपायच्या आत काहीतरी लफडं. ‘श्यामची आई’ वाईट पुस्तक नाही. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि मी आजही ते डोळे कोरडे ठेवून वाचू शकत नाही. पण तुम्ही ते देताना ‘बघ, श्याम आईचं कसं ऐकायचा’ असं म्हणालात, हो ना? मुलांना पुस्तकात लपवलेली छडी लगेच दिसते.

नातीची गोष्ट त्याहून सोपी आहे. दहावीच्या मुलीला थोर शास्त्रज्ञ आणून देणं म्हणजे दिवसभर घाण्याला जुंपलेल्या बैलाला सुट्टीत घाण्याचं चित्र दाखवणं. तिला प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ मिळू दे. १९९४ सालचं आहे. लंपन नावाचा मुलगा, बेळगावकडची कानडी मिसळलेली मराठी, आणि त्या वयात आतल्या आत काय काय चालतं ते सगळं. सोलापूरच्या मुलीला ती भाषा अनोळखी वाटायची नाही. आपल्याकडे घरात मराठी, शेजारी कानडी, पूर्व भागात पाऊल टाकलं की तेलुगू. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचताना सापडली तर ओरडू नका.

मुलाला सोडून द्या सध्या. दिवसभर लूमच्या आवाजात उभा राहून आलेला माणूस फोन बघत झोपला तर त्याला मी वाचनशत्रू म्हणणार नाही. फार तर व्यंकटेश माडगूळकरांचं ‘बनगरवाडी’ त्याच्या उशाशी असू द्या. १९५५ सालचं, आणि इतकं लहान की आठवडी सुट्टीत संपेल. माणदेश आपल्या सांगोल्याला लागूनच आहे, त्यामुळे दुष्काळ, मेंढरं, पाण्यासाठी आभाळाकडे बघणं हे त्याला कुणी समजावून सांगायला नको. वाचेल तर वाचेल.

वहिनींबद्दल मात्र तुमचं चुकतंय. पोथी वाचणारी बाई ‘पोथीपलीकडे जात नाही’ म्हणून मागासलेली होत नाही. ती रोज वाचते, ठरलेल्या वेळी, मन लावून. तुमच्यापैकी किती जण तसं वाचतात? त्यांच्या डोळ्यांना त्रास असेल तर वाचून दाखवा. बहिणाबाई घ्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईची ही गाणी. शेतात, जात्यावर सुचलेली, मुलानं टिपून ठेवलेली, ती गेल्यावर १९५२ साली पुस्तक झालेली. ती मुळात कानांसाठीच आहेत. वहिनी डोळे मिटून ऐकतील आणि मध्येच पुढची ओळ म्हणतील, कारण अर्धी त्यांना येतच असणार. तेव्हा आश्चर्य दाखवू नका.

ही एवढी नावं मी दिली ती तुमच्या समाधानासाठी. सूनबाईनं यातलं काही बाजूला ठेवून भलतंच काही दिलं, मुलीच्या हातात रहस्यकथा दिली, मुलाला दिवाळी अंक दिले, स्वतःसाठी पाककृतीचं पुस्तक आणलं, तरी तोंड बंद ठेवा. तिला हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासद व्हायचं असेल तर फॉर्म आणून द्या आणि पुस्तक बदलायला तिला स्वतःला जाऊ दे. ‘मीच बदलून आणतो, उन्हाचं कशाला’ असं म्हणू नका. सोलापूरचं ऊन मला माहीत आहे, पण तो अर्धा तास तिचा आहे. त्या अर्ध्या तासात मुलांना जेवायला वाढायचं काम तुमचं.

आणि ते महिन्याचे हजार रुपये. पहिल्या तारखेला तिच्या हातात ठेवा. काय आणलं ते तुम्हाला घरात दिसेलच, हिशेब मागू नका.