मुलीचे दूध लवकर का तुटते? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी दुसरी मुलगी आठ महिन्यांची आहे. सासूबाई म्हणतात, 'अंगावरचे दूध आता तोड, म्हणजे लवकर दिवस राहतील, या खेपेला मुलगा होईल.' दूध तोडल्याने मुलीला अपाय होईल का?

उत्तर : होऊ शकतो. अडचण अशी की, सासूबाईंच्या हिशेबाचा पहिला भाग अगदीच निराधार नाही. बाळ वारंवार, विशेषतः रात्री, अंगावर पीत असते तेव्हा स्त्रीबीज बाहेर पडण्याची क्रिया दबलेली राहते आणि पाळी लांबते. पाजणे थांबले की ती सुरू होते. सीमा जयचंद्रन आणि इल्याना कुझिएम्को या अर्थशास्त्रज्ञांनी 2011 मध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या आकडेवारीवरून दाखवून दिले की, भारतात मुलींना मुलग्यांपेक्षा कमी काळ पाजले जाते आणि थोरला भाऊ नसलेल्या बाळांचे दूधही लवकर तुटते. त्यामागे मुलीचा दुस्वास असतोच असे नाही, पुढच्या खेपेची घाई असते. पण बाटलीतले दूध आणि पाणी लवकर पोटात गेल्यामुळे होणारे जुलाब मात्र त्या मुलीच्याच वाट्याला येतात. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षे आणि त्यापुढेही पाजण्याची शिफारस करते, आणि बाळंतपणानंतर पुढचे दिवस राहण्यापूर्वी किमान 24 महिने जाऊ द्यावेत, असेही सांगते. हे दुसरे वाक्य सासूबाईंना सांगण्यासारखे आहे, कारण त्यात सुनेच्या प्रकृतीचाही विचार आहे. राहिला मुलग्याचा प्रश्न. तो वडिलांच्या शुक्राणूवर ठरतो, दूध तोडण्यावर नाही.

प्रश्न : थोरल्या मुलीला माझे दूध पुरत असे. आताचा मुलगा तीन महिन्यांचा असून सारखा रडतो. 'मुलग्याची भूक मोठी, वरचे दूध सुरू कर,' असे आई म्हणते.

उत्तर : मुलग्यांचे वजन सरासरीने थोडे अधिक असते, हे खरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मानकांनुसार सहा महिन्यांच्या मुलग्याचे मध्यम वजन 7.9 किलो, तर मुलीचे 7.3 किलो आहे, म्हणूनच अंगणवाडीत दोघांचे वाढीचे तक्ते वेगळे असतात. पण दूध मागणीप्रमाणे तयार होते, त्यामुळे अधिक पिणारे बाळ स्वतःची सोय स्वतःच करून घेते. वरचे दूध सुरू केले की ते अंगावर कमी पिते, दूध कमी होते आणि आईचे म्हणणे खरे ठरल्यासारखे वाटते. रडण्यावरून अंदाज बांधू नका. दिवस-रात्र मिळून सहा किंवा अधिक वेळा लघवी होत असेल आणि वजन तक्त्यातील रेषेला धरून वाढत असेल, तर दूध पुरते आहे. तसे नसेल तर बाटली आणण्याआधी बाळाची छातीवरची पकड डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रश्न : आमच्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात करतात. नातीचे पाचव्यात करावे का?

उत्तर : नको. सहा महिने पूर्ण होईपर्यंत तिला पाणीसुद्धा लागत नाही. या रीतीत मुलीच्या तोंडी अन्न मुलग्याच्या आधी जाते, हे सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. सहा महिने पूर्ण होऊन सातवा लागला की उष्टावण करा. तोही विषमच आहे. मऊ भात, वरण आणि थोडे तूप चालेल. मधाचे बोट मात्र वर्षभर नको.