दोन्ही ओठ जोडून ठेवतात तेव्हा: वडिलांच्या ऑपरेशनबद्दल

ताई, वडिलांचा खालचा ओठ कॅन्सरमुळे जवळपास निम्मा काढायचाय, वरच्या ओठाचा तुकडा खाली वळवून दोन्ही ओठ दोन-तीन आठवडे जोडून ठेवणार, आणि हे ऐकल्यापासून घरात कुणाला झोप नाही, असं तुम्ही लिहिलंय. सहा वर्षांपूर्वी माझं हेच ऑपरेशन झालं.

आधी एक भीती काढून टाका. हा प्रयोग नाही. न्यूयॉर्कचे डॉ. रॉबर्ट ॲबी यांनी १८९८ मध्ये खालच्या ओठाचा तुकडा वर वळवायची अशीच पद्धत मांडली, म्हणून याला ॲबी फ्लॅप म्हणतात. ओठाचा तिसरा हिस्सा गेला तर कडा सरळ शिवता येतात. त्याहून जास्त गेला की ओठाला ओठच लागतो, कारण बाहेरची कातडी, मधला स्नायू, आतलं अस्तर आणि तो लाल रंग असं सगळं एकत्र दुसरीकडे कुठे मिळत नाही. वळवलेला तुकडा एका बारीक रक्तवाहिनीवर जगतो. खालून नवा रक्तपुरवठा जुळला की मगच तो जोड कापतात.

ते दिवस अवघड असतात, पण निघतात. दोन्ही बाजूंनी फट राहते. तिथून पेज, ताक, वरणाचं पाणी, गाळलेलं सूप जातं. प्रत्येक वेळी खाल्ल्यावर चूळ भरायची. जांभई आली की हनुवटीखाली हात धरायचा, मी झोपेतही दचकून धरायचो. वही-पेन उशाशी ठेवा. वडील तंबाखू, विडी किंवा मिश्री घेत असतील तर आजच बंद करायला लावा. निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात आणि इथे तर सगळा जीव एका वाहिनीवर असतो.

कवळी वापरतात का? मग ऑपरेशनआधीच सर्जनना सांगा. दोन्ही ओठ थोडे आखूड होतात, तोंड पूर्वीइतकं उघडत नाही. मला हे कुणी विचारलं नाही, आणि नंतर जुनी कवळी तोंडात जाईना. नवी करावी लागली.

जोड सुटल्यावर ओठ बधिर असतो. चहा कडेने ओघळतो आणि भाजलेलं कळत नाही, म्हणून बोट लावून बघायचं. प, फ, ब, भ, म निसटतात. मी रोज आरशासमोर नातवंडांची नावं म्हणायचो. संवेदना हळूहळू परतली, वर्ष गेलं. अजून एक: मिशीची कातडी उलटी होऊन खाली येते, त्यामुळे तिथले केस वरच्या दिशेने वाढतात. दाढी करताना जपून.

सर्जनना तीन गोष्टी नक्की विचारा. काढलेल्या भागाच्या कडा कॅन्सरमुक्त आहेत हे कधी कळेल, मानेतल्या गाठी तपासल्या का, आणि तोंड किती उघडेल. वण कसा दिसेल हे मी पहिल्यांदा विचारलं होतं. आज विचारलं असतं, ओठ घट्ट मिटेल ना?

तारीख ठरली की कळवा. त्या दोन-तीन आठवड्यांत वडिलांना कुणाशी लिहून बोलावंसं वाटलं, तर मी आहे.